स्वागत समारंभातील केक : वेळ, जागा आणि मान

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न मे महिन्यात सांगलीत आहे. मुहूर्त सकाळचा असून त्याच दिवशी सायंकाळी ७ ते १० या वेळात विश्रामबागेतील एका लॉनवर स्वागत समारंभ ठेवला आहे. सुमारे ६०० पाहुणे येतील. व्याही पुण्याचे आहेत आणि मुलाच्या धाकट्या बहिणीची हौस म्हणून त्यांनी तीन मजली केक कापण्याचा कार्यक्रम सुचवला आहे. आमची हरकत नाही. परंतु माझ्या सासूबाई अंडे खात नाहीत आणि शुभकार्यात ज्योत विझवणे त्यांना अजिबात मान्य नाही. केक केव्हा कापावा, किती मागवावा, तो या उन्हाळ्यात टिकेल का आणि पहिला घास कोणाला द्यावा, याविषयी मार्गदर्शन करावे. – एक वधूमाता, सांगली

उत्तर : सासूबाईंची शंका आधी दूर करू, कारण ती सर्वांत सोपी आहे. फुंकायच्या मेणबत्त्या वाढदिवसाच्या केकवर असतात. लग्नाच्या केकवर त्या लावण्याची प्रथा नाही, त्यामुळे ज्योत विझवण्याचा प्रसंगच येत नाही. मात्र बेकरीवाले सवयीने खोक्यात सुरी आणि मेणबत्ती ठेवून देतात आणि ऐनवेळी कोणीतरी उत्साहाने ती लावतो, म्हणून ऑर्डर देतानाच ‘मेणबत्ती नको’ असे लिहून घ्यावे. अंड्याबाबतही तसेच करावे. ‘एगलेस’ हा शब्द पावतीवर हवा, आणि वरच्या सजावटीत जिलेटीन आहे का, हेही विचारावे, कारण ते प्राणिजन्य असते. वरचा मजला बिनअंड्याचा आणि खालचे दोन अंड्याचे, असा मधला मार्ग मी सुचवणार नाही. सुरी एकच असते आणि गर्दीत कोणता तुकडा कोठला, हे कोणालाच सांगता येत नाही. सगळाच केक बिनअंड्याचा घेतला, तर आजी निःशंक मनाने केकचा घास घेतील.

आता वेळेचा प्रश्न, ज्यावर बाकीचे सारे अवलंबून आहे. आपल्याकडे वधूवर मंचावर बसले की पाहुण्यांची रांग सुरू होते. आहेराचे पाकीट, आशीर्वाद, फोटो आणि मग जेवण. साडेआठच्या सुमारास ही रांग सर्वांत लांब असते आणि नेमकी तीच वेळ ‘गर्दी असताना कापू’ म्हणून निवडली जाते. मग रांग पंधरा-वीस मिनिटे थांबते, आणि जत किंवा कवठेमहांकाळहून आलेले, रात्रीच परतायचे असलेले पाहुणे लहान मुलांना कडेवर घेऊन ताटकळतात. त्यापेक्षा वधूवर आल्याबरोबर, रांग लागण्यापूर्वी, सव्वासातच्या सुमारास केक कापावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हा सगळे पाहुणे आलेले नसतील, पण घरची माणसे हजर असतील, वडीलधारी मंडळी थकलेली नसतील आणि केक नुकताच थंड जागेतून बाहेर आलेला असेल. वधू पार्लरमधून उशिरा आली आणि रांग लागलीच, तर मात्र ती मोडू नये. अशा वेळी गर्दी ओसरल्यावर, पावणेदहाला कापण्याचे आधीच ठरवून निवेदक आणि फोटोग्राफर या दोघांनाही सांगून ठेवावे.

उन्हाळ्याची आपली काळजी अगदी रास्त आहे. ही प्रथा थंड हवेच्या देशांतली. राणी व्हिक्टोरियाच्या १८४० मधल्या लग्नातला केक सुक्या मेव्याचा आणि साखरेच्या टणक आवरणाचा होता. असा केक कित्येक दिवस सहज टिकतो. आपल्या बेकऱ्यांतला क्रीमचा केक निराळा. सांगलीत मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते आणि सूर्यास्तानंतरही हवा लगेच निवत नाही; लोणी तर ३२ ते ३५ अंशांनाच पाघळते. त्यात मंचावरचे प्रखर दिवे. इतक्या उष्णतेत क्रीमचा केक तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. तो केवळ ओघळतो असे नाही, तर खाण्यास अयोग्यही होऊ शकतो.

म्हणून लॉनच्या व्यवस्थापकाकडून एक वातानुकूलित खोली मागून घ्यावी, बहुधा वधूपक्षाची खोलीच सोयीची ठरेल. आचाऱ्याच्या फ्रीजवर विसंबू नये. त्यात पनीर, दही आणि चिरलेला कांदा शेजारी असतो आणि क्रीम तो वास लगेच ओढून घेते. केकचे मजले सुटे आणून बेकरीच्या माणसानेच जागेवर एकमेकांवर रचावेत. गाडीत खोके मांडीवर घेण्याचा मोह होतो, पण मांडी हलते. डिकीचा तळ सपाट असेल तर तेथे, नाहीतर पुढच्या आसनासमोर पाय ठेवण्याच्या जागी ते ठेवावे आणि एसी सुरू ठेवावा. केकचे टेबल लॉनच्या मऊ हिरवळीवर न मांडता मंचावरच, दिव्यांच्या झोतापासून दूर, कापडाखाली घट्ट फळी टाकून मांडावे. मे महिन्यात आपल्याकडे संध्याकाळी वळवाचा पाऊस वाऱ्यासह येतो, हेही विसरू नये. आभाळ भरून आले तर केक खोलीतच घरच्यांसमोर कापावा, त्यात काहीही कमीपणा नाही.

तीन मजली केक म्हणजे तिन्ही मजले खरे असलेच पाहिजेत, असे नाही. वरचे दोन थर्मोकोलचे आणि खालचा खरा, असा केक बेकरीवाले करून देतात; तो फोटोत तसाच दिसतो, हलका असतो आणि उन्हात कमी धोक्याचा ठरतो. तिन्ही मजले खरे घेतल्यास वरच्या मजल्यांना आधार म्हणून खालच्या मजल्यात काड्या किंवा जाड स्ट्रॉ उभ्या केलेल्या असतात. सुरी त्यांना अडली की वधूवर जोर लावतात आणि सगळा डोलारा कलतो. त्यामुळे ज्या बाजूला आत काडी नाही, तेथे बेकरीवाल्याकडून क्रीमचे एक लहान फूल काढून घ्यावे. वधूवरांनी तेथेच, सर्वांत खालच्या मजल्याच्या कडेला, कोमट पाण्यात बुडवून पुसलेल्या लांब सुरीने दोन तिरके छेद द्यावेत. सुटलेली फोड उलथन्याने उचलून बशीत घ्यावी. पुढचे काम वाढप्यांनी आत नेऊन, काड्या मोजून काढून, मगच करावे.

प्रमाणाबाबत म्हणाल, तर एक किलोत साधारण १२ बेताच्या फोडी होतात. सगळ्या ६०० जणांना असा केक द्यायचा तर ५० किलो लागेल, जे जिलेबी आणि आमरस असलेल्या जेवणात निव्वळ वाया जाईल. तरीही मंचावर केक कापायचा आणि पाहुण्यांना तो केवळ दुरून दाखवायचा, हे मला पटत नाही. मंचासाठी ४-५ किलोचा केक घ्यावा आणि त्याच चवीचा सुमारे १२ किलोचा साधा चौकोनी केक त्याच वातानुकूलित खोलीत थंड ठेवावा. त्याचे ४० ग्रॅमचे ३०० तुकडे होतात आणि गोडाच्या काउंटरवर ते थोडे थोडे करून आणता येतात. ज्यांना हवा ते घेतील, मुले तर हमखास घेतील.

घासांचा मान आधी कागदावर लिहून काढावा. वधूवरांनी एकमेकांना भरवल्यावर पहिला घास आजींना द्यावा, आणि तो जावयाने द्यावा. मुलीने आपल्या सासूसासऱ्यांना भरवावे. त्यानंतर आपण उभयता, आणि जिच्या हौसेखातर हे सारे ठरले ती नणंद. येथे थांबावे. एकदा मामा आले की आत्या येतात, आत्या आल्या की काका राहून गेल्याचे लक्षात येते, आणि मग राहिलेल्या नावांचा सल वर्षानुवर्षे राहतो. ही यादी विहीणबाईंना चार दिवस आधी फोनवर वाचून दाखवावी.

प्रश्न : माझ्या पुतण्याच्या स्वागत समारंभात त्याचे मित्र केक तोंडाला फासणार, फेसाचे स्प्रे उडवणार आणि केकवर फुलबाजे लावणार, असे कानावर आले आहे. अडवले तर वाईट दिसेल का? – एक काका, तासगाव

उत्तर : अडवावे. अशा अनेक स्प्रेंमध्ये ज्वालाग्राही वायू असतो. फुलबाजा जळत असताना तो उडवला, तर भडका उडू शकतो, आणि मंचावर नायलॉनचे पडदे, थर्मोकोल, वधूचा शालू, सारेच पेट घेणारे असते. ही गोष्ट मित्रांपैकी जो सर्वांत समजूतदार असेल त्याला एकट्याला गाठून सांगावी. चारचौघांत सांगितल्यास ती ईर्षेला पेटते. केक फासण्याबाबत नववधूचे मत आधी विचारावे. तिला ते नको असेल तर विषय तेथेच संपला, आणि तसे पुतण्यानेच मित्रांना सांगितले पाहिजे. तरीही कोणी बाटल्या घेऊन आलेच, तर प्रवेशद्वाराशी घरचा एक माणूस उभा करून त्या काढून घ्याव्यात आणि समारंभ संपल्यावर परत कराव्यात.