ऑस्ट्रिया हाती आला की पहिला फोन इटलीला

प्रश्न : ताई, सुट्टीत होस्टेलवर आम्ही सातजण डिप्लोमसी हा बोर्डगेम खेळलो. चिठ्ठीत मला ऑस्ट्रिया आला. पहिल्या अर्ध्या तासात मी सहाही जणांकडे जाऊन सांगितलं की आपण भांडायचं नाही, सगळे हो म्हणाले. रशियाने तर गॅलिशियात येणार नाही अशी शपथ घेतली म्हणून मी व्हिएन्नाची आर्मी बुडापेस्टला नेली, बुडापेस्टची सर्बियात आणि ट्रिएस्टचं फ्लीट अल्बेनियात. ऑर्डर उघडल्या तर रशिया गॅलिशियात आणि इटली ट्रिएस्टमध्ये! खेळातल्या 1903 मध्येच मी बाहेर, मग रात्रभर सगळ्यांसाठी चहा करत बसलो. माझं चुकलं कुठं?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : अरे, पहिल्यांदा ऑस्ट्रिया घेऊन चहा करत बसलेला तू काही पहिला नाहीस. ज्यांनी हा खेळ बघितला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1901 चा युरोप, सात देश, नकाशावर 34 सप्लाय सेंटर म्हणजे जिंकायची ठाणी, 18 मिळाली की जिंकलात. प्रत्येक वर्षात दोन चाली, स्प्रिंग आणि फॉल. फासे नाहीत, पत्ते नाहीत, आधी गप्पा मारायच्या, मग सगळ्यांनी गुपचूप ऑर्डर लिहायच्या आणि एकदम उघडायच्या. दिलेला शब्द पाळायलाच हवा असं कुठल्या नियमात नाही. अ‍ॅलन कॅलहॅमर नावाच्या अमेरिकन माणसाने हा खेळ 1954 मध्ये तयार केला आणि 1959 मध्ये तो बाजारात आला, तेव्हापासून लोक एकमेकांच्या कोपराला गूळ लावतायत.

तर तुझं चुकलं ते हे, की तू सहा जणांकडे एकच गोष्ट मागितलीस आणि तीही काहीच न ठरवणारी. "भांडायचं नाही" याला कोण नाही म्हणेल? मागायची ती ऑर्डर मागायची, कुठली आर्मी कुठं जाणार ते. ताकाला जाऊन भांडं लपवू नये.

आणि पहिला माणूस इटली. नकाशा बघ, वेनिस आणि ट्रिएस्ट एकमेकांना चिकटून आहेत, सुरुवातीला दोन वेगळ्या देशांची घरची सेंटर अशी शेजारी-शेजारी दुसरीकडे कुठेच नाहीत, त्यामुळे इटली पहिल्याच चालीत तुझ्या घरात शिरू शकतो आणि तू त्याच्या. पण नवीन इटलीवाल्याला एक कळत नाही की तुला खाल्लं तर पुढं रशिया आणि तुर्कस्तान त्याच्याच दारात येऊन बसतात. हे त्याला तू समजावायचं, घाबरवून नाही, आमिष दाखवून. आमिष म्हणजे लेपांटो, म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून तुर्कस्तानवर जायची ओपनिंग, सुरुवातीच्या चालींचा बेत. 1571 च्या त्या लढाईत ऑटोमन आरमार हरलं होतं, त्यावरून या ओपनिंगला नाव पडलं. मेसेज असा जायला हवा :

"तू रोमची आर्मी आपुलियात ने, नेपल्सचं फ्लीट आयोनियन समुद्रात, वेनिस जागेवर. मी फ्लीट अल्बेनियात नेतो. फॉलमध्ये तू आपुलियाची आर्मी फ्लीटवरून ट्युनिसला उतरव, मी ग्रीस घेतो. मग तू नेपल्सला दुसरं फ्लीट बांध, पुढच्या वर्षी ती आर्मी दोन फ्लीटवरून थेट सीरियात उतरवायची."

आता त्याचं उत्तर नीट वाच. त्याने उलट विचारलं की मग तुझं ग्रीसवालं फ्लीट नंतर कुठं जाणार, तुर्कस्तानचं स्मर्ना कोणाला, तर माणूस खेळात आहे. नुसतं "हो हो डन भाई" आलं की मला तरी घाम फुटतो. तसं वाटलं तर अल्बेनिया विसर आणि ट्रिएस्टच्या फ्लीटला वेनिसची ऑर्डर दे. तो वेनिसमध्येच थांबला किंवा तुझ्याकडे निघाला, दोन्ही वेळेला बाउन्स होतं, म्हणजे टक्कर होऊन चाल फुकट जाते, आणि फ्लीट जागेवर राहतं. ग्रीस त्या वर्षी हुकतं, पण घर वाचतं. फक्त त्याला आधी सांगून ठेव, नाहीतर तूच हल्ला केलास म्हणून रुसेल. (एकदा मी न सांगता केलं होतं, मावसभाऊ जेवायलाही आला नाही.)

रशियाचं काय? शपथ कशाला घ्यायला लावायची! तुमच्या दोघांच्या मधल्या गॅलिशियात ठरवून बाउन्स करायचं, तू व्हिएन्नाहून, तो वॉर्सॉहून. दोघंही जागेवर राहतात. त्याने शब्द मोडला आणि तो आलाच नाही, तर गॅलिशियात तू पोचतोस. म्हणजे तो खोटारडा निघाला तरी तुझं काही जात नाही. तुझ्या गेममध्ये उलटं झालं, तू व्हिएन्ना रिकामं सोडलंस आणि दार उघडं टाकून पहारेकरी शेजाऱ्यालाच केलंस.

तुर्कस्तानशीही बोलत राहा, पण त्याला काही देऊ नकोस, नुसतं रशियाबद्दल त्याचे कान भर.

प्रश्न : आमच्या ऑफिसच्या ऑनलाइन गेममध्ये मी तुर्कस्तान आहे. रशियाने पहिल्याच दिवशी कायमची युती मागितली. घ्यावी का?
– वाचक, कल्याण

उत्तर : घ्या हो, याला जगरनॉट म्हणतात आणि जमली तर नकाशाचा पूर्वेकडचा अर्धा भाग वर्षागणिक झोपत जातो. पण ती दिसली की बाकीचे पाच जण एक होतात, त्यामुळे पहिलं वर्ष नाटक करा. काळ्या समुद्रात तुम्ही अंकाराहून आणि रशियाने सेवास्तोपोलहून, मुद्दाम बाउन्स. सगळ्यांना वाटतं तुमचं फाटलंय. रशियाला रुमानिया फॉलमध्ये घेता येतं, तुम्ही कॉन्स्टँटिनोपलची आर्मी बल्गेरियात नेलेली असते, कोणाचं काही अडत नाही. स्मर्नाची आर्मी आर्मेनियात मात्र नेऊ नका, त्याने रशिया खरंच बिथरतो.

कायमची म्हणजे किती दिवसांची ते त्याच्या बोलण्यावरून नाही, बिल्डवरून बघा. वर्षाच्या शेवटी त्याने सेवास्तोपोलला नवीन फ्लीट बांधलं, तर ते काळ्या समुद्राशिवाय कुठं जाणार? मग त्याच रात्री ऑस्ट्रियाला मेसेज टाका, आणि बल्गेरियातली आर्मी कुठं नेणार तेही त्यातच लिहा.