दोर कधी कापायचे?

पत्र : मी खानापूर तालुक्यातील शेतकरी आहे. माझी मुलगी 23 वर्षांची असून बी.कॉम. झाली आहे. यूपीएससीच्या पहिल्या प्रयत्नात ती पूर्व परीक्षेतच अडकली. बेळगावच्या एका पतसंस्थेने तिला दिलेले नोकरीचे पत्र मी फाडून टाकले, कारण दुसरी सोय हाताशी असली की जिद्द राहत नाही. सूर्याजी मालुसऱ्यांनी दोर कापले म्हणूनच कोंढाणा मिळाला. आम्ही कर्नाटकातले असल्यामुळे महाराष्ट्राच्या परीक्षा आम्हाला बंद आहेत. सोबतच्या वेळापत्रकात सुधारणा सुचवावी.

उत्तर : तुमचे वेळापत्रक मी दोनदा वाचले. पहाटे साडेचारला सुरू होऊन रात्री अकराला संपणाऱ्या त्या कागदावर जेवणासमोर लाल शाईने ‘बारा मिनिटे’ असे लिहिले आहे, आणि ते अक्षर मुलीचे नसून तुमचे आहे. तिच्या गुणांपेक्षा मला याचीच अधिक काळजी वाटते. संपूर्ण पत्रात तिचे स्वतःचे म्हणणे एका ओळीनेही आलेले नाही. म्हणून वेळापत्रकात मी काहीही सुचवणार नाही.

सूर्याजींची हकीगत आपण सारेच सांगतो, पण ती नीट आठवून पाहा. 1670 मधील त्या रात्री मावळे गडावर पोहोचले होते, लढाई जुंपली होती आणि तानाजी पडल्यावर ते माघारी वळू लागले, तेव्हा दोर कापल्याचे त्यांना सांगण्यात आले. तुमची मुलगी अजून कडाच चढते आहे आणि तुम्ही तिचा दोर आताच कापला आहे.

तुमची शंका मात्र निराधार नाही. जिहे शिन आणि कॅथरिन मिल्कमन या अमेरिकेतील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की, पर्यायी योजनेचा नुसता विचार केल्यानेही मूळ ध्येयाची ओढ कमी होऊन प्रयत्न सैल पडू शकतात. परंतु यातून पर्यायच नको असे ठरत नाही. त्याचा विचार तिने रोज करू नये, एवढेच ठरते. तो भार तुम्ही उचला. चौकशी करणे, कागदपत्रे जमवणे, फॉर्मच्या तारखा पाहणे ही कामे तुमची, आणि तिसऱ्या प्रयत्नाचा निकाल लागेपर्यंत त्यांचा घरात उल्लेखही नको.

यूपीएससीत खुल्या प्रवर्गाला 32 वर्षांपर्यंत सहा प्रयत्न मिळतात. 2024 च्या परीक्षेतून संपूर्ण देशात 1,009 उमेदवारांची शिफारस झाली. म्हणजे वेळ आहे, पण जागा मोजक्याच आहेत; म्हणूनच पर्याय हवा.

महाराष्ट्राच्या परीक्षा बंद असल्याचा समज चुकीचा आहे, आणि सीमाभागातील कितीतरी घरांत तो मी ऐकतो. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील मराठी भाषकांना, तेथे पंधरा वर्षांचे वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातील दाखला दिल्यास, महाराष्ट्र शासनाच्या पदांसाठी अर्ज करता येतो; भरतीच्या जाहिरातींत ही तरतूद छापलेली असते. आपले गाव त्या यादीत आहे का, हे पाहून दाखल्याच्या कामाला लागा. कर्नाटक लोकसेवा आयोगाचा मार्गही आहे, मात्र तेथे कन्नडची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

त्याआधी एक काम आजच करा. ते पत्र फाडल्याबद्दल मुलीची क्षमा मागा, ती नोकरी तिला हवी होती का हे विचारा, आणि ती हो म्हणाली तर पतसंस्थेत स्वतः जाऊन जागा अजून रिकामी आहे का, याची चौकशी करा.