दोन देशांत वाटल्या गेलेल्या परिसंस्थेसाठी आधी संशोधन हवं की आधी सरकारांचा करार?

करार झालेत हो! सुंदरबनासाठी भारत-बांगलादेशाचा २०११ सालीच झाला, वाघांसाठी वेगळा. आता हिलसा माशाचं ऐका.

पश्चिम बंगालमधल्या काकद्वीपच्या मासळी बाजारात मी दोन हंगाम फूटपट्टी घेऊन हिलसा मोजलेत. भल्या पहाटे, लिलावाआधी, बर्फात हात घालून. पश्चिम बंगालमध्ये २३ सेंटिमीटरच्या आतला हिलसा पकडायला बंदी, बांगलादेशात २५ च्या आतला. म्हणजे २४ सेंटिमीटरचा मासा आमच्या बाजूला रीतसर माल आणि सीमेवरची रायमंगल नदी ओलांडली की 'जाटका', पिल्लू. एक आडत्या म्हणाला, "एवढं बारीक मोजताय तर काटेही मोजा, दीदी."

तारखांचं तर विचारूच नका. आपल्या पूर्व किनाऱ्यावर मासेमारीला बंदी १५ एप्रिल ते १४ जून. त्यांची तेव्हा २० मे ते २३ जुलै. आपले ट्रॉलर १५ जूनला सुटणार आणि पलीकडचे मच्छीमार सव्वा महिना काठावर बसून बघणार. मी मालवणची आहे. बंदीत घरी बसलेला माणूस, त्यात दुसऱ्याची होडी समुद्रात दिसली की काय होतो, ते मला कुणी शिकवायला नको.

हे सगळं मी अहवालात लिहिलं. प्रकल्पप्रमुखांनी लाल पेनाने आडवी रेघ मारली : "हे धोरण झालं, विज्ञान नाही. अजून पाच वर्षांचा डेटा लागेल." मी म्हटलं, सर, कॅलेंडर वाचायला डेटा कशाला? पुढच्या हंगामाला मला बोलावणं आलं नाही.

२०२५ मध्ये बांगलादेशाने आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी केली. ती बातमी मी सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. दोन निळ्या खुणा, उत्तर नाही.

आता तारखा जुळल्या म्हणून मासा वाढेलच, असं नाही. गंगेवरचा फरक्का बंधारा १९७५ पासून त्याच्या वाटेत आडवा आहेच. आणि बांगलादेशात कोजागरीच्या सुमारास अंड्यांवरच्या हिलसासाठी २२ दिवसांची बंदी असते, ते दिवस अंडाशय तपासणाऱ्यांमुळेच कळले. त्यामुळे सर अगदीच चूक नव्हते, हेही लिहिते.

तुम्ही विद्यार्थी असाल तर दोन्ही देशांचे नियम पहिल्याच पानावर शेजारी-शेजारी मांडा. वरिष्ठांनी खोडले तर परिशिष्टात घाला. परिशिष्ट ते वाचत नाहीत.