वाचक विचारतात : विमानात आधी कोणाला सोडतात?

प्रश्न : आईचं वय 74. घरात हिंडते-फिरते, पण जिना चढवत नाही आणि रांगेत फार वेळ उभं राहवत नाही. वयामुळे तिला आधी आत सोडतील, की व्हीलचेअर घ्यावीच लागेल?

उत्तर : नुसत्या वयावर अवलंबून राहू नका. बहुतेक विमान कंपन्या वय नव्हे, गरज पाहतात. जिना चढवत नसेल तर व्हीलचेअर मागवाच, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. मात्र नेमका प्रकार सांगा. लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात, अशांसाठी ‘डब्ल्यूसीएचआर’. पायऱ्या जमत नाहीत, पण आत सीटपर्यंत चालता येतं, अशांसाठी ‘डब्ल्यूसीएचएस’. सीटपर्यंतही चालता येत नाही, अशांसाठी ‘डब्ल्यूसीएचसी’. तुमच्या आईंसाठी दुसरा प्रकार योग्य. घोटाळा इथेच होतो: बुकिंग करताना यादीतला पहिला पर्याय निवडला जातो, विमान एरोब्रिजला (टर्मिनलपासून विमानाच्या दारापर्यंतच्या बंद पुलाला) न लागता लांब उभं राहतं आणि खुर्ची शिडीच्या पायथ्याशी येऊन अडते. नोंद बरोबर असली की रॅम्प किंवा ॲम्ब्युलिफ्टची (खुर्चीसकट प्रवाशाला दारापर्यंत उचलणाऱ्या गाडीची) तजवीज आधीच करता येते. ही नोंद उड्डाणाच्या निदान 48 तास आधी करा. युरोपीय संघाच्या नियमातही हीच मुदत आहे.

व्हीलचेअर नको असली, तरी लवकर चढण्याची मागणी करता येते. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे अपंगत्वामुळे चढायला, बसायला किंवा मदतीची साधनं ठेवायला जास्त वेळ लागतो असं प्रवाशाने गेटवर स्वतः सांगितलं, तर त्याला आधी सोडण्याची सोय द्यावीच लागते. त्रास वरून दिसत नसला, तरी हा नियम लागू होतो. सांगायचं मात्र बोर्डिंग सुरू होण्याआधी. पहिला गट आत शिरू लागल्यावर काउंटरवरच्या माणसाला कोणाकडे बघायला सवड नसते.

आणखी दोन गोष्टी. व्हीलचेअरचे प्रवासी आधी चढतात, पण बहुधा सगळ्यांत शेवटी उतरतात. पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. आणि पाय लांब करायला मिळतात म्हणून आईंसाठी इमर्जन्सी एक्झिटची रांग घेऊ नका, तिथून त्यांना उठवून दुसरीकडे बसवतील.

प्रश्न : लहान मूल असेल तर?

उत्तर : बहुतेक ठिकाणी आधी सोडतात, पण वयाची मर्यादा कंपनीगणिक बदलते, काहींकडे ती अवघी दोन वर्षं आहे. पाच वर्षांचं मूल घेऊन पुढे जाऊन उभे राहिलात, तर परत पाठवू शकतात. स्ट्रोलर गेटवर द्यायचा असेल तर त्याचा टॅग बोर्डिंगआधीच घ्या. शिवाय मूल चालतं-पळतं असेल, तर दोघांपैकी एकाने आधी जाऊन बॅगा आणि मुलाची सीट लावावी आणि दुसऱ्याने मुलाला घेऊन शेवटी यावं. अर्धा-पाऊण तास अरुंद जागेत त्याला डांबून ठेवण्यापेक्षा हे कधीही बरं.

प्रश्न : मागच्या रांगा आधी भरल्या तर काम लवकर होणार नाही का?

उत्तर : वाटतं तसं, पण होत नाही. खोळंबा होतो तो बॅग वर ठेवताना. मागच्या पाच रांगांतले सगळे एकदम आले की पॅसेजच्या तेवढ्याच तुकड्यात एकामागे एक अडकतात आणि पुढचा सगळा पॅसेज रिकामा राहतो. भौतिकशास्त्रज्ञ जेसन स्टेफन यांनी 2008 मध्ये मांडलेल्या पद्धतीत विंडो सीटवाले आधी येतात, तेही एक रांग सोडून एक, मागून पुढे. म्हणजे एकाच वेळी अनेकांना बॅगा वर ठेवता येतात. नंतर विमानाच्या प्रतिकृतीत 72 प्रवाशांवर घेतलेल्या चाचणीत मागून पुढे भरण्यापेक्षा यात सुमारे 40 टक्के कमी वेळ लागला. प्रत्यक्षात प्रत्येकाला असं नेमक्या क्रमाने उभं करणं अवघड. त्याचं सोपं रूप मात्र वापरात आहे: युनायटेड एअरलाइन्सने ऑक्टोबर 2023 पासून इकॉनॉमीत आधी विंडो, मग मधली, मग आईल, म्हणजे पॅसेजलगतची सीट, असा क्रम ठेवला. एकाच बुकिंगवरच्या कुटुंबाची त्यात ताटातूट होत नाही. बुकिंग वेगवेगळं असेल तर एकाच्या बोर्डिंग कार्डावरचा प्राधान्याचा गट दुसऱ्याला बहुधा मिळत नाही, म्हणून तिकिटं एकाच पीएनआरवर काढा.

प्रश्न : आमचा गट नेहमी शेवटचा येतो आणि केबिन बॅग गेटवरच काढून घेतात. काय करावं?

उत्तर : सर्वांत स्वस्त भाड्यात शेवटचा गट येणं ठरलेलंच, आणि तोवर वरचे कप्पे भरलेले असतात. प्रायोरिटी बोर्डिंगचे पैसे भरायचे नसतील तर समोरच्या सीटखाली मावेल एवढीच बॅग घ्या. मोठी न्यायचीच असेल, तर औषधं, पासपोर्ट, पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या एका छोट्या पिशवीत भरून ती बॅगेत सगळ्यांत वर ठेवा. बॅग मागितली की पिशवी तेवढी उचलायची. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात जाऊ देत नाहीत. आगीचा धोका असतो.