चोचींचा खेळ घेताय? मग हे आधी वाचा

पक्ष्यांची शरीरं त्यांच्या खाण्याला कशी जुळतात ते वर्गात दाखवणारा हा खेळ पहिल्यांदाच घेताय ना, मग पंख, पाय, चोच सगळं एका तासात कोंबू नका, फक्त चोच घ्या. चिमटा, चमचा, कपड्यांचा चाप, ड्रॉपर असं काहीतरी 'चोच' म्हणून वाटून द्या आणि समोर 'खाणं' म्हणून गोट्या, रबरबँडचे तुकडे, अरुंद बाटलीत रंगीत पाणी. २० सेकंदात कोणी किती गोळा केलं ते पोरांनीच फळ्यावर लिहायचं. खरी मजा दुसऱ्या राउंडला, रबरबँड गुपचूप काढून घ्या, चिमटेवाले एकदम उपाशी! तिथेच थांबून विचारा, आता कोण जगेल? पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर बेटावर १९७७ च्या दुष्काळात असंच झालेलं, बारीक मऊ बिया संपत गेल्या, जाड चोचीचे फिंच (बिया खाणारे छोटे पक्षी) जास्त तगले आणि पुढच्या पिढीच्या चोची सरासरीने मोठ्या निघाल्या. "पक्ष्याला हवी होती म्हणून चोच वाढली" असं एक तरी पोरगं म्हणतंच, मी पहिल्या वर्षी हो हो म्हणून मोकळा झालो होतो, तुम्ही नका करू. एका पक्ष्याची चोच बदलत नाही, फरक पिढ्यांमध्ये पडतो, एवढं सांगितलं तरी बास. आणि हो, पाणी शेवटी काढा, नाहीतर वर्ग पुसत बसाल.