मुखडा आधी, ड्रॉप नंतर

वाचकांचे प्रश्न : पॉप गायक आणि नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत

प्रश्न (सांगली) : आमच्या घरात वाद आहे. मुलगा म्हणतो, ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) हा डीजेंचा प्रांत. नावाजलेला पॉप गायक त्यात शिरला की जुने चाहते दुरावतात आणि क्लबवालेही त्याला आपलं म्हणत नाहीत. धंद्याच्या हिशेबाने हे खरं आहे का?

उत्तर : आकडे मुलाच्या विरोधात आहेत. १९७७ मध्ये डोना समर आणि निर्माता जॉर्जिओ मोरोडर यांनी म्युनिकमध्ये जवळपास सगळी साथ ‘मूग’ नावाच्या सिंथेसायझरवर (विजेवर सूर घडवणारं यंत्र) करून एक गाणं काढलं. पॉप गायिका आणि यंत्राचा ठेका ही जोडी बाजारात चालते, हे तेव्हाच कळलं होतं. १९९८ मध्ये अमेरिकन गायिका शेर बावन्न वर्षांची होती, तिची सद्दी संपली असं सगळे धरून चालले होते. ‘बिलीव्ह’ आलं आणि ब्रिटनमध्ये सात आठवडे, अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. २००९ मध्ये ब्लॅक आइड पीजनी फ्रेंच डीजे डेव्हिड गेटाबरोबर केलेलं ‘आय गॉटा फीलिंग’ अमेरिकेत चौदा आठवडे अव्वल होतं. २०११ मध्ये रिहाना आणि केल्व्हिन हॅरिस यांचं ‘वी फाउंड लव्ह’ दहा आठवडे.

यातलं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण मात्र मॅडोनाचं, कारण तिने हे एकदा नशिबाने नाही, तर पुनःपुन्हा ठरवून केलं. १९९८ चा ‘रे ऑफ लाइट’ विल्यम ऑर्बिटबरोबर (त्यात एक संस्कृत स्तोत्रही आहे, उच्चारांवर मेहनत घेऊन म्हटलेलं), २००० चा ‘म्युझिक’ मिरवेसबरोबर, २००५ चा ‘कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर’ स्टुअर्ट प्राइसबरोबर. दर वेळी तिने निर्माता बदलला आणि त्या काळातल्या क्लबमध्ये खरोखर मुरलेला माणूस निवडला. तिसऱ्या वेळी तर प्राइस स्वतःच्या डीजे कार्यक्रमांत या गाण्यांचे बिनआवाजाचे ठेके कुणाला न सांगता वाजवून बघायचा. लोकांचे पाय कुठे थांबतात ते पाहून गाणं दुरुस्त व्हायचं. त्या अल्बमची गाणी डीजेच्या सेटसारखी एकमेकांत मिसळलेली आहेत, मधे शांतता नाही. त्यातलं ‘हंग अप’ अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंतच पोचलं, पण जगभरात एक्केचाळीस देशांत पहिलं आलं. पुढच्या वर्षीच्या दौऱ्याने १९ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला.

मुलाचं एक मात्र खरं. हौशीने केलेला ठेक्याचा एखादा प्रयोग कुणालाच आपला वाटत नाही.

प्रश्न (पुणे) : मग आपटतं कोण?

उत्तर : ज्याच्याकडे ठेका आहे आणि गाणं अजून व्हायचं आहे, तो.

आयरिश बँड यू-टूचा १९९७ चा ‘पॉप’ घ्या. हाउस आणि टेक्नो या क्लबच्या शैलींकडे झुकलेला अल्बम, हाताशी उत्तम निर्माते. ड्रमवादक लॅरी मलन पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता, म्हणून बाकीच्यांनी लूपवर (तोच तो वाजणाऱ्या तुकड्यांवर) काम सुरू केलं. तो परतल्यावर बरंचसं पुन्हा करावं लागलं. दरम्यान स्टेडियमचा दौरा आधीच जाहीर झालेला, तारखा विकलेल्या. अल्बम अर्धाकच्चा बाहेर पडला. पहिल्या आठवड्यात अमेरिकेसह कित्येक देशांत अव्वल आला तो नावाच्या पुण्याईवर, आणि मग पटकन घसरला. २००२ च्या संग्रहात बँडने यातली काही गाणी नव्याने मिक्स करून घातली, यातच काय ते आलं.

तारीख आधी आणि गाणं नंतर, हा दोष सगळीकडे सारखाच. नाचाच्या संगीतात तो जास्त उघडा पडतो इतकंच. रॉकमध्ये एखादा कच्चा भाग गिटारच्या आवाजात लपतो. इथे किक (ड्रमचा खोल ठोका), बेस (खर्जातले सूर), आवाज आणि दोन-तीन सिंथ एवढाच संसार असतो.

प्रश्न (नाशिक) : ईडीएममध्ये ड्रॉप आला की गायक गप्प. मग स्टारच्या पदरात काय पडतं?

उत्तर : नेमकी हीच मेख आहे. पॉपमध्ये मुखडा हा गाण्याचा कळस, ईडीएममध्ये बिल्डअपनंतरचा ड्रॉप, म्हणजे ताण चढवत नेल्यावर ठेका आणि बेस एकदम कोसळतात ती जागा, हा कळस. दोन्ही एकाच जागेवर हक्क सांगतात. ड्रॉपला जागा दिली की गाणं डीजेचं होतं आणि गायक पाहुणा ठरतो.

यावर तीन तोडगे निघालेले दिसतात. पहिला रिहानाचा : मुखड्यात एकच ओळ घोळवायची, ती इतकी छोटी की ड्रॉपमध्ये सिंथ वाजत असतानाही कानात आपोआप चालू राहते. दुसरा शेरचा : आवाजावरच अशी प्रक्रिया करायची की आवाज हेच वाद्य वाटावं. ‘बिलीव्ह’मध्ये ऑटो-ट्यूनचा (सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सुरावर ओढण्याचा वेग शून्यावर ठेवला होता. त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मींड उरतच नाही, पायरी चढल्यासारखा आवाज उडी मारतो. (निर्मात्यांनी सुरुवातीला हे गुपित राखायला वेगळ्याच यंत्राचं नाव सांगितलं होतं.)

तिसरा तोडगा सगळ्यांत हुशार. २०१५ चं ‘व्हेअर आर यू नाऊ’ हे मुळात जस्टिन बीबरचं पियानोवरचं संथ गाणं. स्क्रिलेक्स आणि डिप्लो या डीजेंनी त्याच्या आवाजाचा एक तुकडा उचलला, पट्टी वर नेली, विकृत केला आणि ड्रॉपमध्ये बासरीसारखा वाजवला. म्हणजे गायक गप्प बसल्यावरही तोच वाजतोय. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्तम डान्स रेकॉर्डिंगचं ग्रॅमी मिळालं.

प्रश्न (कोल्हापूर) : मी गायिका आहे. माझं स्वतःचं मराठी भावगीत ९६ च्या लयीत (मिनिटाला ९६ ठोके) आहे, काळी पाचमध्ये गायलेलं. त्याचं हाउस रूप करायचं आहे. मित्राने नुसती किक टाकून लय १२४ केली, पण आवाज खारूताईसारखा वाटतोय. कुठे चुकतंय?

उत्तर : ९६ वरून १२४ म्हणजे जवळपास ३० टक्के वेगवाढ. ध्वनिमुद्रित आवाज ५-६ टक्क्यांपर्यंत ताणलेला कळत नाही, त्यापुढे व्यंजनं तुटू लागतात आणि कंप घाईचा वाटतो. पट्टी न बदलता ताणलं तरीही हे होतंच. तेव्हा जुना आवाज विसरा, नव्याने गा. हे क्रमाने करा :

लयीचा निर्णय ओळीगणिक घ्या. १२४ मध्ये एक ओळ मूळ मात्रांत बसवली तर ती जवळपास तीस टक्क्यांनी जलद होईल. दुप्पट मात्रांत पसरवली तर तेवढ्याच प्रमाणात, किंवा थोडी जास्तच, संथ होईल. लांब स्वरांचा मुखडा सहसा पसरवून छान लागतो, शब्दांनी भरलेला अंतरा आखडून. गाणं दादऱ्याचं असेल (कोळीगीतं बहुधा त्याच अंगाची असतात), तर सरळ सोळा घरांची, म्हणजे प्रत्येक ठोक्याचे चार भाग करणारी हाय-हॅट (झांजेची टिकटिक) लावू नका. ती आणि तुमचा तीनचा झोका एकमेकांच्या पायात येतात. किक दर ठोक्याला राहू द्या आणि प्रत्येक ठोक्याचे तीन भाग करा. सहा मात्रांत दोन किक बसतात.

मग पट्टी. काळी पाचचा षड्ज बेसमध्ये सुमारे ५८ हर्ट्झला येतो आणि त्याखालचा २९ हर्ट्झला. पहिला छातीत बसण्याइतका खोल नाही, दुसरा बहुतेक स्पीकर वाजवतच नाहीत. काळी चारला तोच स्वर ५२ हर्ट्झला, पांढरी चारला जवळपास ४४ ला. गळ्याला झेपत असेल तर काळी चारवर या. एवढ्या एका बदलाने पुष्कळ काम होतं. ते जमत नसेल तर बेसला षड्जावर ठाण मांडू देऊ नका, खालच्या पंचमाकडे किंवा मध्यमाकडे न्या.

आता किक आणि बेसचं भांडण मिटवा. किकच्या इशाऱ्यावर बेस क्षणभर दबेल असा कॉम्प्रेसर (आवाज दाबणारं साधन) लावतात, त्याला साइडचेन म्हणतात. १२४ ला दोन किकमधलं अंतर ०.४८ सेकंद आहे, म्हणून बेस साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांत पूर्ववत व्हायला हवा. याहून उशीर केला तर गाणं धापा टाकल्यासारखं वाटतं. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (दोन्ही स्पीकरमध्ये एकसारखं) ठेवा. तंबोरा किंवा हार्मोनियमची साथ ठेवणार असाल तर तिचा खालचा भाग कापा. भावगीताचं हाउस चिखलासारखं का वाटतं, याचं उत्तर दहातल्या आठ वेळा तिथे सापडतं.

शेवटी दोन आवृत्त्या काढा. डीजेसाठी लांब आवृत्ती : सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका, निदान १६ बार (चार ठोक्यांचा एक बार), जमल्यास ३२. १२४ ला ३२ बार म्हणजे एक मिनिट दोन सेकंद. त्यात त्याला आधीचं गाणं मिसळता येतं. ऐकणाऱ्यांसाठी छोटी आवृत्ती : आवाज पहिल्या ८ बारांच्या आत.

प्रश्न (ठाणे) : आठ बारांच्या आत कशाला? चांगला माहोल नको का जमायला?

उत्तर : स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय ऐकणं मोजलं जात नाही. १२८ च्या लयीत १६ बार बरोबर ३० सेकंदांचे होतात. म्हणजे डीजेला सोयीची सुरुवात तशीच ठेवली, तर नवा श्रोता तुमचा आवाज ऐकायच्या आतच पुढे सरकतो आणि तुमच्या खात्यात काहीच जमा होत नाही. वर बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलं गेलेलं गाणं तिथे मानधनाच्या हिशेबातच धरत नाहीत. माहोल लांब आवृत्तीत जमवा.

प्रश्न (नागपूर) : जुन्या गाजलेल्या गाण्याचा तुकडा घेऊन त्यावर बीट टाकली तर परवानगी कुणाची?

उत्तर : दोन हक्क वेगळे : रचनेचा (शब्द आणि चाल) आणि ध्वनिमुद्रणाचा. मूळ रेकॉर्डमधला तुकडा घेतलात तर दोन्ही लागतात. तोच तुकडा स्वतः गाऊन-वाजवून घेतलात तर फक्त रचनेचा. मॅडोनाने ‘हंग अप’साठी अॅबा या स्वीडिश बँडच्या गाण्याचा तुकडा वापरला, तेव्हा बँडचे रचनाकार बेनी आणि ब्यॉर्न यांच्याकडे पत्र घेऊन माणूस स्टॉकहोमला धाडावा लागला होता. ते सहसा परवानगी देत नाहीत.

बियॉन्सेच्या २०२२ च्या ‘रेनेसान्स’मध्ये दुसरी बाजू दिसते. त्यातल्या एका गाण्यात केलिस या गायिकेच्या जुन्या गाण्याचा अंश होता. केलिसने जाहीर नाराजी दाखवली, पण रचनाकार म्हणून कागदावर नाव होतं ते तिच्या निर्मात्यांचं. कायद्याने तिला विचारणं भाग नव्हतं. तरी तो अंश पुढे गाण्यातून वगळला गेला. गाणाऱ्यांनी करार करतानाच रचनेत आपलं नाव आहे का ते बघावं.

आपल्याकडे ‘कव्हर आहे, चालतं’ असं सर्रास ऐकू येतं. कॉपीराइट कायद्याचं कलम ३१ क वाचा. मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यापासून पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात, रॉयल्टी आगाऊ आणि ती किमान ५०,००० प्रतींची, आणि तांत्रिक गरजेपलीकडे शब्दांत किंवा चालीत बदल करता येत नाही. भावगीताची लय, साथ आणि मांडणी बदलून हाउस करणं या चौकटीत बसवणं अवघड. तेव्हा सरळ हक्कधारकाकडून लेखी परवानगी घ्या.

प्रश्न (डोंबिवली) : रीमिक्स करणाऱ्याला किती टक्के द्यावे? आणि मुळात यात पैसा येतो कुठून?

उत्तर : रीमिक्सचा रिवाज एकरकमी फीचा आहे. रचनेत वाटा नाही, तसं वेगळं ठरवलं नसेल तर. नवं गाणं मात्र निर्मात्याबरोबर शून्यापासून बांधलं असेल, तर तो रचनेचा भागीदार असतो आणि शिवाय मास्टरच्या (तयार ध्वनिमुद्रणाच्या) उत्पन्नातले काही टक्के, म्हणजे पॉइंट, मागतो. हे गाणं सुरू करण्याआधी कागदावर आणा, कारण किक कुणाची आणि चाल कुणाची हे नंतर कुणालाच आठवत नाही.

पैसा रंगमंचावर आहे. बियॉन्सेचं ‘ब्रेक माय सोल’ पंधराव्या क्रमांकावर सुरू झालं, अल्बम आणि रीमिक्स आल्यावर अमेरिकेत पहिलं आलं. पण खरी कमाई २०२३ च्या दौऱ्याची : ५६ कार्यक्रम, सुमारे ५८ कोटी डॉलर. नाचाच्या अल्बमला रंगमंचावर एक जास्तीचा फायदा असतो. दोन तास ठेका तुटत नाही, त्यामुळे संथ गाण्यांत लोक पाणी आणायला उठत नाहीत.

प्रश्न (पणजी) : मराठीत हे चालेल का? शब्द कळत नाहीत तिथे कोण नाचणार?

उत्तर : २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलने काढलं. ठेका हाउसचा, शब्द अस्सल मराठी, आणि भाषेचा गंध नसलेले लोकही त्यावर नाचले. त्यात शब्द आखूड आहेत आणि ठसठशीत अक्षरं ठोक्यावर आदळतात : ‘तांबडी’, ‘चामडी’ दोन्हींत अनुस्वार किंवा म-कार आणि मग ड. हलगीच्या थापेसारखंच ते. मऊ, लांब स्वरांची ओळ घ्यायची असेल तर तिला ड्रॉपपासून दूर, ठेका थांबतो तिथे ठेवा.