मशीनशी बोलून बरं वाटतं, म्हणजे माझं काही बिघडलंय का?

"मॅडम, रात्री मी मोबाइलवरच्या चॅटजीपीटीशी बोलत बसते. जिवंत माणसं सोडून मशीनशी बोलावंसं वाटतं, म्हणजे माझं काही बिघडलंय का?"

हा प्रश्न हल्ली सगळ्या वयाच्या लोकांकडून येतो. या वेळी विचारत होत्या इंदिरानगरच्या एक काकू. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) यजमान जाऊन वर्ष होत आलेलं. मुलगा पुण्याला, सुट्टीत आला तेव्हा त्यानेच ॲप टाकून दिलं. आधी लोणच्याचं प्रमाण विचारून झालं, मग गुडघेदुखी, मग हळूहळू यजमानांचे शेवटचे दिवस.

बिघडलेलं काही नाही, हे आधी सांगितलं. 1966 साली अमेरिकेतल्या एमआयटीचे जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्राम जगापुढे आणला. समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची करामत. तो घडताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेही दोन-चार वाक्यं टाइप केली आणि साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! काकू हसल्या. बोलून टाकलं की हलकं वाटतंच. देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या आपल्या आज्या दुसरं काय करत होत्या?

मग मी विचारलं, "काकू, तुमचं चुकतंय असं ते कधी म्हणालं का?"

बराच वेळ गेला आणि वन्संचा विषय निघाला. पंचवटीतल्या नणंदबाई भावाच्या आजारपणात वेळेवर आल्या नाहीत, म्हणून दिवसकार्यानंतर काकूंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. ॲपचं मत ठरलेलं: तुमचा राग रास्त आहे, मनाची शांती जपा, दूर राहिलात तरी चालेल. अशी 'हो ला हो' करायची खोड या यंत्रांना आहेच. एप्रिल 2025 मध्ये चॅटजीपीटीचं एक अपडेट अति हांजी हांजी करतंय म्हणून कंपनीला मागे घ्यावं लागलं होतं.

पण मला खुशामतीपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. दुःखावरची त्याची वाक्यं सुरेख असतात, कधीकधी माझ्यापेक्षाही. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरच तर ते शिकलंय. मात्र यजमान गेल्याने त्याचं काही गेलेलं नाही. वन्संचा भाऊ गेलाय.

भेटाच, असं मी म्हटलं नाही. इतकंच विचारलं, "यजमानांच्या लहानपणाबद्दल विचारायचं झालं, तर आता कोणाला विचाराल?"

काकू वन्संकडे गेल्या. गळाभेट वगैरे काही झाली नाही, भांडण झालं. "दवाखान्यात नेलंय हे मला तिसऱ्या दिवशी कळवलंत!" वन्सं कडाडल्या. हा तिसरा दिवस काकूंनी ॲपला कधी सांगितलाच नव्हता, मलाही नाही. ऐकणारा आपल्या बाजूचाच असला की अशा गोष्टी बिनबोभाट गाळता येतात. समोर वन्सं असल्या की नाही येत.

ॲप काढून टाका, असं मी कुणालाच सांगत नाही. काकू अजून वापरतात. तुम्हीही खुशाल बोला, पण ज्याच्याबद्दल बोलताय त्या माणसाशी पुढच्या आठ दिवसांत एकदा तरी बोला. आणि जगणंच नकोसं वाटत असेल, तर तिथे लिहीत बसू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालू असते आणि मराठीतही बोलता येतं.